पहिल्या मीटिंगला निघण्यापूर्वी

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, हा दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायला चालवलेला गट. त्याच्या मीटिंगच्या दारापर्यंत जाऊन मी दोनदा परत फिरलो. तिसऱ्यांदा आत गेलो, कारण त्या दिवशी आधी फोन करून ठेवला होता आणि एक अनोळखी माणूस मीटिंग भरते त्या शाळेच्या फाटकाशी माझी वाट बघत उभा होता. म्हणून ही तयारी मुख्यतः घरापासून त्या फाटकापर्यंतची आहे.

सगळ्यात आधी शरीराचं बघा. सकाळी घोट घेतल्याशिवाय हात स्थिर होत नसतील, घाम फुटत असेल, पूर्वी कधी फिट आली असेल, तर मीटिंगच्या जोशात दारू एकदम तोडू नका. आधी डॉक्टरांना दाखवा, आणि किती पिता ते खरं सांगा. रोज भरपूर पिणाऱ्याला शेवटच्या पेल्यानंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास सुरू होऊ शकतात, आणि त्यात जीवही जातो. एएकडे डॉक्टर नसतात, ते काम दवाखान्याचंच. घरच्यांनाही एक कळकळीची विनंती. दारू सोडवायची गोळी पिणाऱ्याला न सांगता भाजीत, चहात घालू नका. डायसल्फिरॅमसारखं औषध पोटात असताना तो प्यायला, तर जिवावर बेतू शकतं.

मग मीटिंग शोधा. एएच्या वेबसाइटवर गावागावांतल्या गटांचे वार, वेळा आणि फोन नंबर असतात. नशामुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन आहे, तिथेही विचारता येतं. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतंय. तुमच्या जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रातही आसपासचे गट ठाऊक असतात. फोनवर मोजकंच विचारा: मीटिंग मराठीत असते का, खोली नेमकी कुठे, आणि खुली की बंद. खुल्या मीटिंगला बायको, भाऊ, मित्र कुणीही सोबत येऊ शकतं. बंद मीटिंग फक्त ज्यांना स्वतःला दारू सोडायचीय त्यांची. शेवटी सांगा, ‘मी पहिल्यांदाच येतोय, कुणी बाहेर भेटेल का?’ हे विचारायला लाज वाटते, पण एवढं एक वाक्य बोलाच. ओळखीचं कुणी भेटेल ही धास्ती असेल, तर आपला भाग सोडून दुसऱ्या गटात जा, कुणी कारण विचारत नाही.

मीटिंग संध्याकाळी असेल, तर ती आपली प्यायची वेळ असते. कामावरून परस्पर जा. घरी टेकलात की उठणं होत नाही. रिकाम्या पोटी तलफ जास्त छळते, म्हणून वडापाव, केळी, काहीतरी खाऊन घ्या. नेहमीचा बार वाटेत लागत असेल, तर लांबचा रस्ता धरा. खिशात जाण्यायेण्यापुरतेच पैसे ठेवा. एएला वर्गणी नाही. शेवटी पिशवी फिरते, त्यात नव्या माणसाने काही टाकलंच पाहिजे असं नाही. त्या दिवशी प्यायला असाल तरीही जा. फक्त बोलू नका, मागे बसून ऐका.

मनाचीही थोडी तयारी लागते. ‘मी श्रावण पाळतो, महिनाभर थेंब घेत नाही, मग मी दारुडा कसा?’ हे मी वर्षानुवर्षं म्हणालो. गटारीला पोटभर पिऊन श्रावणात थांबणारे आणि नंतर दामदुपटीने भरून काढणारे तिथे पुष्कळ भेटतील. माळ घातली असेल, देवापुढे शपथ घेतली असेल, तर ती मोडून यायचं नाही, तिच्यासकट यायचं. देव न मानणाराही येतो. सभासद व्हायला एकच अट आहे, दारू थांबवायची इच्छा. तुम्हाला बोलायला सांगतील, पण नुसतं ‘आज ऐकतो’ म्हटलं तरी पुरतं. आडनाव सांगायचं नाही, रजिस्टरात सही नाही. एकजण बोलताना दुसरा मध्ये तोंड घालत नाही, सल्लाही देत नाही. तुम्हीही देऊ नका. तिथे ऐकलेलं घरी बायकोलासुद्धा सांगायचं नाही. स्वतःचं मात्र हवं तेवढं सांगा.

बायकांना पुरुषांनी भरलेल्या खोलीत बसणं जड जातं, हे खरं आहे. फोन करतानाच बाईशी बोलायचंय असं सांगा, ऑनलाइन मीटिंगचीही चौकशी करा. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-ॲनॉन नावाचे वेगळे गट आहेत. त्याने पिणं सोडलं नसलं, तरी घरच्यांनी तिथे जावं.

पहिल्या मीटिंगमध्ये काही पटणार नाही, प्रार्थना परकी वाटेल, कुणाचं बोलणं लांबेल. एका मीटिंगवरून ठरवू नका. दोन-तीन वेगळे गट बघा. निघण्याआधी पुढच्या मीटिंगचा वार आणि निदान दोघांचे नंबर घ्या. घरी पोचलात की त्यातल्या एकाला ‘पोचलो’ एवढाच फोन करा. त्या दिवशी तलफ नसली तरी करा, म्हणजे ज्या रात्री ती उठेल त्या रात्री हा नंबर पहिल्यांदाच लावावा लागणार नाही.