डिशच्या केबलची जुनी पिन पुन्हा वापरताना

घरातली डिशची किंवा केबल टीव्हीची जोडणी हलवताना जुनी पिन, म्हणजे एफ कनेक्टर, काढून पुन्हा लावण्याचा मोह होतो. परंतु आट्यांची, फिरवून बसणारी पिनच पुन्हा वापरण्याजोगी असते. दाबून बसवलेल्या पिनेची कडी एकदाच आकसते, त्यामुळे ती सरळ कापून टाकावी. नवी पिन काही रुपयांत मिळते.

जुनी पिन लावण्यापूर्वी केबलचे काळवंडलेले टोक कापावे आणि ताजे सोलावे. मधली तार बहुधा तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची असते व उच्च वारंवारतेचा संकेत त्या मुलाम्यातूनच वाहतो, म्हणून ब्लेडचा ओरखडा तिच्यावर उमटू देऊ नये. आवरणाखालच्या जाळीच्या तारा बाहेरच्या आवरणावर मागे दुमडाव्यात, जाळीखालचे फॉइल (धातूचा पातळ पापुद्रा) मात्र जागेवर राहू द्यावे. पांढरे फोम पिनेच्या आतल्या तळाशी सपाट यावे आणि मधली तार कडेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर पुढे असावी. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला टेकला, तरी शॉर्ट होतो.

हाताने ओढून पिन सरकत असेल, तर जाळीचा संपर्क सैल आहे असे समजावे. अशा फटीतून मोबाइलचे संकेत आत शिरून चित्राचे चौकोन पडतात; उलट केबल टीव्हीचा संकेत बाहेरही गळतो, आणि त्याच्या पट्ट्यातच १०८ ते १३७ मेगाहर्ट्झची विमानांची वारंवारता येते. म्हणूनच स्प्लिटरचे, म्हणजे एका केबलचा संकेत अनेक टीव्हींना वाटणाऱ्या डबीचे, रिकामे तोंडही ७५ ओहमच्या टर्मिनेटरने, म्हणजे रोध असलेल्या टोपणाने, बंद करावे.