आईवडिलांचे कागद: या चुका टाळा

बाबा कोमात आणि मुलगा कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) घेऊन बँकेच्या काउंटरवर. नोटरीचा शिक्का ठळक आहे, तरी अधिकारी कागद परत करतो, आणि त्याचं चुकत नाही. करार कायद्याच्या कलम २०१ नुसार लिहून देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही किंवा तो वारला, की मुखत्यारपत्र संपतं. मृत्युपत्र तर माणूस गेल्यावरच लागू होतं. मधल्या काळात, म्हणजे माणूस आहे पण सही करू शकत नाही तेव्हा, यातलं एकही उपयोगी पडत नाही. मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. रोजच्या खर्चापुरतं खातं आधीच 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कोणालाही एकट्याने चालवता येईल असं, करून ठेवलं, तर निदान औषधांचे पैसे अडत नाहीत.

उपचारांचा निर्णय या मधल्या काळासाठी लिहून ठेवायचा तो लिव्हिंग विलमध्ये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार हवेत, आणि सही नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर. "हे कोर्टात न्यायाधीशांपुढे करावं लागतं" ही जुनी माहिती झाली. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल केलं.

इथली नेहमीची चूक म्हणजे "मला शांतपणे मरण यावं" एवढंच लिहिणं. डॉक्टरांना त्यातून काहीच ठरवता येत नाही. व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीतून अन्न, छाती दाबून हृदय सुरू करणं, यांतलं काय नको ते नाव घेऊन लिहा. वेदनाशामक आणि शुश्रूषा चालू ठेवावी, हेही लिहा. नाहीतर 'व्हेंटिलेटर नको'चा अर्थ घरचे 'काहीच करू नका' असा लावतात. निर्णय कोणी कळवायचा त्या एकाहून अधिक जवळच्या माणसांची नावं द्या. प्रत त्यांना, फॅमिली डॉक्टरांना आणि महापालिका किंवा स्थानिक संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याला द्या. आणि हा कागद दाखवला की लगेच नळ्या निघत नाहीत. बरं होण्याची आशा नसलेल्या आजारातच तो लागू होतो. आधी रुग्णालयाचं वैद्यकीय मंडळ, मग दुसरं मंडळ, दोघांचं मत शक्यतो ४८-४८ तासांत.

बक्षीसपत्रात, म्हणजे हयातीतच घर दुसऱ्याला देऊन टाकण्याच्या दस्तात, घर हातचं जातं ते एका वाक्यामुळे. दस्तात "प्रेम व आपुलकीपोटी" एवढंच असतं. पुढे मुलाने सांभाळलं नाही, तर ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ च्या कलम २३ खाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जाता येतं, पण सांभाळण्याची अट होती का, हाच पहिला प्रश्न येतो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी अट नसल्याने दाद नाकारली. म्हणून दस्तातच घाला: "घेणार यांनी देणार यांस हयातभर याच घरात राहू द्यावे व अन्न, वस्त्र, औषधोपचार करावा, तसे न केल्यास हे बक्षीसपत्र रद्द समजावे." मुलगा या ओळीला हरकत घेत असेल, तर घर मृत्युपत्राने द्या. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येतं.

मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदार मात्र हवेतच. वाद झाला तर त्यांतल्या एकाला तरी कोर्टात उभं राहावं लागतं, म्हणून ऐंशीच्या घरातले मित्र साक्षीला घेऊ नका. ज्याला मिळकत मिळणार आहे तोही नको. रुग्णालयात सलाईन लावलेल्या हाताचा अंगठा घेणं तर टाळाच: कायद्याच्या आधी ते माणुसकीलाच धरून नाही, आणि कोर्टातही पहिला संशय तिथूनच येतो. त्याच तारखेचं, शुद्धीवर व समजून बोलत असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. नॉमिनीने पैसे घ्यायचे ते वारसांच्या वतीने.

आणि मूळ मृत्युपत्र बाबांच्या एकट्याच्या नावावरच्या, नॉमिनी नसलेल्या लॉकरमध्ये ठेवू नका. ते गेल्यावर लॉकर उघडायला वारसाचे कागद मागतात, आणि कागद असतात लॉकरमध्ये.