जुन्या घरगुती संगणकावर मराठी, कोकणी आणि पोर्तुगीज एकत्र कसे लिहावे

फोंड्याला आमच्या घरी विंडोज एक्सपीचा एक संगणक अजून चालतो. जत्रेच्या नाटकाची हँडबिलं, आरत्यांचे कागद, आजोबांच्या 1961 पूर्वीच्या पोर्तुगीज कागदपत्रांच्या नकला, सगळं त्याच्यावरच होतं. नवा घेऊ असं दर चवथीला ठरतं आणि माटोळीच्या (गणपतीवर फळं-फुलं टांगतात त्या चौकटीच्या) खर्चात ते विरून जातं.

त्याच्यावर एका पानात तीन भाषा काही केल्या बसत नव्हत्या. दोष जुन्या मराठी फॉन्टांचा. त्या फॉन्टांना जेमतेम 256 खण, आणि त्यांत इंग्रजी अक्षरं काढून देवनागरीचे तुकडे भरलेले. पोर्तुगीजमधला शेपटीवाला सी ज्या खणात असायचा, तिथे एखादं अर्धं अक्षर येऊन बसलेलं. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना वेगवेगळे क्रमांक देणारी पद्धत; तिच्यात अशी खणांची मारामारी नाही. ‘क’चा क्रमांक 2325, शेपटीवाल्या सीचा 231, फॉन्ट कोणताही असो.

आधी दुखणं कुठलं ते बघा

दुसऱ्या संगणकावर ‘शिरोडा’ लिहून ती फाइल पेन ड्राइव्हने आणा आणि नोटपॅडमध्ये उघडा. नुसते चौकोन दिसले तर फॉन्ट नाही. अक्षरं दिसतात, पण पहिली वेलांटी ‘श’च्या पुढे जाऊन पडली आहे, असं असेल तर अक्षरजुळणी बंद आहे. युनिकोडमध्ये ती वेलांटी ‘श’नंतर साठवतात आणि दाखवताना आधी काढतात. हे काम विंडोजमधला एक वेगळा भाग करतो, आणि एक्सपीत तो मुद्दाम चालू करावा लागतो. विंडोज 7 असेल तर तो आधीच चालू असतो, तुम्ही थेट कीबोर्डाकडे जा.

एक्सपीत देवनागरी चालू करणे

कंट्रोल पॅनेलमध्ये ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’ उघडा, ‘लँग्वेजेस’ टॅबवर जा. खाली दोन चौकटी आहेत. ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’वाल्या पहिल्या चौकटीत टिक करा. तिला साधारण 10 एमबी जागा लागते. दुसरी चिनी-जपानीसाठी आहे, ती 230 एमबी खाते. तिच्या वाटेला जाऊ नका.

आता संगणक एक्सपीची सीडी मागेल. आमची सीडी कपाटात दोन पावसाळे काढून बुरशीने ठिपकेदार झाली होती. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे पुसली (गोल गोल नाही) आणि चालली. सीडीच नसेल तर ‘सी’ ड्राइव्हवर ‘आय-386’ नावाचं फोल्डर शोधा. काही दुकानदार संगणक जोडतानाच ते टाकून ठेवत. सापडलं तर ‘ब्राउज’ करून तेच दाखवा. मग संगणक बंद करून पुन्हा चालू करा. मंगल हा फॉन्ट यादीत आलेला दिसेल.

कीबोर्ड

त्याच टॅबवर ‘डीटेल्स’, मग ‘अॅड’. भाषा मराठी, कीबोर्ड ‘देवनागरी-इन्स्क्रिप्ट’. यादीत कोकणीही आहे, पण लिपी तीच असल्याने नुसत्या टायपिंगसाठी ती वेगळी घालायची गरज नाही. पोर्तुगीजसाठी इंग्रजीखाली ‘युनायटेड स्टेट्स-इंटरनॅशनल’ घाला. त्यात एकेरी अवतरणचिन्ह दाबून सी दाबला की शेपटी येते, लाटेची खूण दाबून ए दाबला की डोक्यावर लाट. फक्त साधं अवतरणचिन्ह हवं असेल तर त्यानंतर स्पेस दाबावी लागते. पहिले दोन दिवस याचा वैताग येतो. डावीकडचं ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून भाषा बदलते.

इन्स्क्रिप्टला लोक उगाच घाबरतात. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, एवढं लक्षात ठेवलं की निम्मं काम झालं. ‘गोवा’ लिहायला आय, ए, बी, ई. ‘म्हापसा’ लिहायला सी, डी, यू, ई, एच, एम, ई; यातला डी म्हणजे पाय मोडणं. ‘ळ’ शिफ्ट आणि एनवर आहे.

आता ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. ओ, जे, डी, स्लॅश, ई दाबलं की दर्या. जेच्या जागी शिफ्ट-जे दाबला की दऱ्या. आमच्या एका हँडबिलावर ‘डोंगरदर्यांतून’ असं छापून आलं होतं आणि जत्रा होईपर्यंत लोक विचारत होते, डोंगरात समुद्र कुठला?

सेव्ह करताना

नोटपॅडमध्ये ‘सेव्ह अॅज’ करून ‘एन्कोडिंग’ समोर ‘यूटीएफ-8’ निवडा. तिथे ‘एएनएसआय’ राहिलं तर संगणक एक इशारा देतो. मी तो न वाचता एंटर मारला आणि नाटकाचा अख्खा पहिला प्रवेश प्रश्नचिन्हांचा झाला. अशी फाइल कोणत्याही उपायाने परत येत नाही.

मोठ्या कामाला लिब्रेऑफिस हे मोफत लेखनाचं सॉफ्टवेअर घ्या. एक्सपीवर चालणारी त्याची शेवटची मालिका 5.4. त्यात ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘लँग्वेज सेटिंग्ज’मध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्टची चौकट टिक करा.

जुन्या फॉन्टातल्या फाइली नुसता फॉन्ट बदलून युनिकोड होत नाहीत. त्यांना जुनी अक्षरं युनिकोडात बदलणारा कन्व्हर्टर लागतो, आणि त्यानंतरही रफार डोळ्यांनी तपासावे लागतात.

एक्सपीला सुरक्षेची मदत 8 एप्रिल 2014 ला थांबली. इंटरनेटची वायर काढूनच ठेवा. जाल हवंच असेल तर 32 बिटच्या यंत्रावर विंडोजऐवजी डेबियन 12 हे मोफत लिनक्स चालतं, मात्र बसवायला एक रविवार द्यावा लागेल.

आणि छापखान्यात देताना लिब्रेऑफिसमधून पीडीएफ करून द्या. तिथे पेजमेकर हे पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर असेल तर त्याला युनिकोड देवनागरी कळत नाही, आणि मग कोणीतरी सगळं हँडबिल जुन्या फॉन्टात पुन्हा टंकायला बसतं, डोंगरदर्यांसकट.