डावे कोणाचे? भ्रूणातील जनुके पाहताना या चुका टाळा

मुंबईच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकणाऱ्या बहुतेकांच्या नजरेखालून कोंबडीच्या भ्रूणाची ३३ तासांची काचपट्टी गेलेली असते. तिच्यातले हृदय एका बाजूला फुगलेले सगळ्यांना दिसते. कोणत्या बाजूला, असे विचारले की मात्र एकाच बाकावरून दोन उत्तरे येतात.

डावे-उजवे हे भ्रूणाचे असते, पाहणाऱ्याचे नव्हे. डोके वर ठेवून पाठीकडून पाहिले तर त्याचे डावे आपल्या डाव्या हाताला येते आणि पोटाकडून पाहिले तर उजव्या. सूक्ष्मदर्शीला दोष देणे सोपे असले, तरी तो प्रतिमा १८० अंशांत फक्त फिरवतो, आरशासारखी उलटवत नाही. म्हणून डोके शोधून बाजू ठरवली की फसगत होत नाही. खरी अदलाबदल पालथ्या पडलेल्या काचपट्टीमुळे किंवा कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रतिमा उलटवण्याचा पर्याय चुकून चालू राहिल्यामुळे होते. कोपऱ्यात ‘क’ लिहून त्यासह छायाचित्र घ्यावे. कसेही फिरवून तो ‘क’ वाचता येत नसेल, तर बाजू बदललेली आहे.

दुसरी चूक वेळेची. डावी बाजू ठरवणारे नोडल हे जनुक डाव्या पार्श्व मध्यस्तरात (भ्रूणाच्या मधल्या पेशीथराच्या कडेच्या भागात) काही तासच व्यक्त होते, म्हणजे चालू असते. उंदरात साधारण २ ते ६ सोमाइट (भावी कण्याच्या दोन्ही बाजूंचे पेशींचे ठोकळे; मोजणी जोड्यांत) दिसत असताना. त्याने चालू केलेले पिटएक्स२ हे जनुक पुढेही व्यक्त होत राहते. त्यामुळे उशिरा पाहणारा ‘नोडल बंद पडले’ असे लिहून मोकळा होतो. आपल्याकडे मे महिन्यात हॅचरीतून लोकलने आणलेली फलित अंडी वाटेतच वाढू लागतात, तेव्हा इन्क्युबेटरमधील तासांवर विसंबू नये. सोमाइट मोजावेत: कोंबडीच्या भ्रूणाच्या वाढीचे टप्पे सांगणाऱ्या १९५१च्या हॅम्बर्गर-हॅमिल्टन मालिकेत आठव्या टप्प्याला ४ आणि दहाव्याला १० सोमाइट असतात.

जनुक कोठे चालू आहे हे प्रोब (त्या जनुकाच्या संदेशाला चिकटणारा रेणू) वापरून रंगाने दाखवतात. उंदराच्या भ्रूणात डावीकडे नोडलचा रंग आला नाही, तर आधी नोडभोवती (भ्रूणाच्या मध्यरेषेवरील लहान पेशीसमूहाभोवती) पाहावे. तेथे नोडल दोन्ही बाजूंना असते. तेथेही रंग नसेल, तर दोष बहुधा आपल्या प्रोबचा किंवा रंगक्रियेचा.

एका प्राण्याचा नियम दुसऱ्याला लावणे ही पाठ्यपुस्तकी सवय आहे. कोंबडीत सॉनिक हेजहॉग हे जनुक नोडच्या डाव्या बाजूला दिसते, हे १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. उंदरात ते दोन्ही बाजूंना सारखेच असते. उंदराच्या नोडमधील पक्ष्माभिका (पेशींवरील केसांसारखे सूक्ष्म तंतू) फिरून द्रव डावीकडे वाहवतात (जपानमधील हिरोकावा यांच्या प्रयोगशाळेने हे १९९८ मध्ये दाखवले), तर कोंबडीत नोडजवळच्या पेशीच डावीकडे सरकतात. उजव्या वळणाच्या गोगलगायीत तर नोडल उजवीकडे असते.

राहिला तो ‘बिघाड म्हणजे सगळे उलटे’ हा समज. आयव्ही या जनुकात बिघाड असलेल्या उंदरांत नोडच्या पक्ष्माभिका हलत नाहीत, तरी सुमारे निम्म्या पिलांचेच अवयव उलटे असतात, कारण तेथे बाजू नशिबावर ठरते. अशा वेळी चार भ्रूण पाहून निष्कर्ष काढू नये. चारही सरळ निघण्याची शक्यता १६ त एक असते. हृदयावरही थांबू नये. पिटएक्स२ नसलेल्या उंदरात हृदय नेहमीप्रमाणे उजवीकडेच वळते, पण एकाच खंडाच्या डाव्या फुप्फुसाच्या जागी उजव्यासारखे अनेक खंडांचे फुप्फुस आढळते.