गल्ल्यातलं चुकलेलं नाणं कसं ओळखायचं

कोल्हापुरात महाद्वार रोडला माझं पूजासाहित्याचं दुकान आहे. रात्री गल्ला मोजताना सुट्ट्या पैशांचा ढीग पडतो, त्यातून मी टांकसाळीत चुकलेली नाणी वेगळी काढतो.

नाण्यावर रेघ दिसली की आधी नख फिरवा. साच्याला तडा गेला असेल तर त्यात धातू घुसतो आणि रेघ उठून येते. ओरखडा खोल असतो. तो सोडून द्या.

एकदा कडेचा तुकडा नसलेला रुपया आला. गुजरीतून, म्हणजे सराफ बाजारातून, आणलेल्या दहापट भिंगाखाली धरला. चंद्रकोरीसारखा कापलेला, आणि बरोबर समोरची कड पुसट! हीच खरी खूण. पत्र्यातून नाण्याची चकती कापणारा पंच आधीच पडलेल्या भोकावर बसला की चकती अशी अपुरी निघते, मग समोरची कडही नीट उठत नाही. कुणी कानशीनं घासलं असेल तर समोरची कड शाबूत राहते आणि कापल्या जागी चरे दिसतात.

नाणं वर-खाली चिमटीत धरून गर्रकन फिरवा. मागची बाजू सुलटी यायला हवी. तिरकी आली तर साचा फिरलाय.

वर्षाखाली टांकसाळीची खूण असते: मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. कोलकात्याची खूणच नसते, म्हणून खूण नाही ही चूक धरू नका. दहाच्या नाण्याचं मधलं गोल निसटलेलं असेल, तर बहुतेक कुणीतरी ठोकून काढलेलं असतं.

आणि कृपा करून चिंचेनं, पितांबरीनं घासू नका. मूळची झळाळी गेली की परत येत नाही.