छपराच्या कैचीचं भिंतीतलं टोक आधी तपासा
कोकणात कौलं शाकारताना सगळ्यांचं लक्ष वाशा-रिपांवर असतं. छपराचा भार पेलणारी लाकडी कैची, म्हणजे त्रिकोणी सांगाडा, मात्र बहुतेकदा कुजते ती भिंतीत गाडलेल्या टोकाशी. भिंतीचा जांभा दगड ओल धरतो, त्यात सिमेंटने टोक लिंपून टाकलं की लाकडाला वारा म्हणून लागत नाही. पावसाआधी तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर वरून रंग मारून भागणार नाही. टेकू देऊन कुजका भाग कापायचा आणि जाणत्या सुताराकडून नवा तुकडा बोल्टने जोडून घ्यायचा. नव्या कैचीचं टोक दगडी बैठकीवर ठेवा, बाजूला बोटभर फट सोडा. लाकूड वाळलेलंच घ्या, ओलं आकसलं की सांधे ढिले पडतात. आणि माळ्यावर जागा हवी म्हणून कैचीची खालची आडवी तुळई कृपा करून कापू नका. छपराचा भिंतींना बाहेर ढकलणारा रेटा तीच धरून ठेवते.