परदेशात फिरताना या चुका टाळा: यादी बरोबर, क्रम चुकलेला

परदेशवारी बिनसली की खापर हवेवर, गाइडवर नाहीतर नशिबावर फुटतं. पण अशा बिनसलेल्या सहलीचं वेळापत्रक जरा हातात घेऊन पाहा. यादीत सहसा खोट नसते, ती क्रमात असते. काय काय करायचं यावर आठवडेच्या आठवडे चर्चा झडते, रात्र रात्र व्हिडिओ पाहिले जातात. काय आधी आणि काय नंतर, हे मात्र नकाशावर कुठली दोन ठिकाणं जवळजवळ दिसतात त्यावरून ठरतं. अंतराकडे बघायला हवंच, पण माझ्या मते ते सगळ्यात शेवटी. हवा, उंची, बंद असण्याचा वार आणि परतीचं विमान यांचा विचार त्याच्या आधी व्हायला हवा.

समुद्र शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवणं

ही चूक सर्रास होते, आणि नुसता हिरमोड होऊन भागत नाही, तब्येतीवर बेतू शकते. आधी शहर, राजवाडे, म्युझियम उरकायची आणि मग शेवटचे दोन दिवस निवांत समुद्र, असा बेत ऐकायला छानच वाटतो. त्यात शेवटच्या सकाळी स्कूबा डायव्हिंग आणि रात्री परतीचं विमान.

पाण्याखाली दाब वाढतो तसा श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि पेशींत जास्त विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू श्वासावाटे बाहेर पडतो. तो बाहेर पडायच्या आतच भोवतालचा दाब आणखी उतरला, तर शरीरात बुडबुडे तयार होतात. विमानाच्या केबिनमध्ये हवा समुद्रसपाटीसारखी नसते, ती साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते. म्हणून डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेची शिफारस आहे की एकच साधी डाइव्ह केली असेल तर उड्डाणाआधी किमान १२ तास जाऊ द्यावेत, आणि एकाहून जास्त डाइव्ह किंवा सलग काही दिवस डायव्हिंग केलं असेल तर किमान १८ तास. बरेच इन्स्ट्रक्टर सरसकट २४ तास सांगतात. हिशोबाला ते सोपं आणि अंगाला सुरक्षित, म्हणून तेच धरावं.

हा नियम विमानापुरताच आहे असं समजणारेही खूप भेटतात. हवाईतल्या माउई बेटावर सकाळी डाइव्ह आणि दुपारी हालेआकालाच्या शिखरावर सूर्यास्त, हा बेत कागदावर अगदी जमून आलेला दिसतो. किनाऱ्यावरून गाडी थेट वर जाते. पण ते शिखर ३,०५५ मीटरवर आहे, म्हणजे विमानाच्या केबिनपेक्षाही विरळ हवेत. शेजारच्या बेटावरच्या मौना केआचीही तीच गत, तो तर ४,२०० मीटरच्या वर आहे. अशा ठिकाणी डोंगर आधी, समुद्र नंतर, आणि समुद्रानंतर एक रिकामा दिवस. स्नॉर्कलिंगला ही अट नाही. तोंडाशी नळी लावून पृष्ठभागावर तरंगताना नायट्रोजनचा हा प्रश्नच येत नाही, त्यामुळे शेवटच्या दिवशी पाण्यात उतरायचंच असेल तर ते करावं.

डाइव्हनंतर सांधे दुखू लागले, हातापायांना मुंग्या आल्या, चक्कर आली किंवा न समजणारा थकवा वाटला, तर प्रवासाचा शीण म्हणून झोपून जाऊ नका. डाइव्ह सेंटरला लगेच कळवा. डॉक्टरकडे गेल्यावर आपण डाइव्ह केली होती हे पहिल्या वाक्यात सांगा. आपण सांगितलं नाही, तर त्यांच्या मनात दुसराच आजार येऊ शकतो.

डाइव्ह सेंटरच्या काउंटरवरच्या तब्येतीच्या फॉर्मचंही असंच. सकाळी सात वाजता, बोट सुटायच्या घाईत, हातात दोन पानं येतात: दमा आहे का, हृदयविकार आहे का, कानाची शस्त्रक्रिया झाली आहे का, कुठली औषधं चालू आहेत का. आजूबाजूला नुसता ‘नाही, नाही, नाही’ असा टिकमार्कांचा धडाका चाललेला असतो, कारण एक ‘हो’ लिहिलं की डॉक्टरांची सही मागतात आणि अनोळखी बेटावर सकाळी सातला डॉक्टर आणायचा कुठून? हा फॉर्म निघण्याच्या आधीच मागवून घ्या. दमा, रक्तदाब असं काही असेल तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांची सही घेऊन जा. आणि सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह रद्द म्हणजे रद्द. नाक चोंदलेलं असताना कानांतला दाब जुळत नाही, आणि गोळी घेऊन उतरलात तर गोळीचा असर खोल पाण्यात उतरला की पंचाईत.

हवेच्या भरवशाच्या गोष्टी शेवटी ठेवणं

तुर्कस्तानातल्या कॅपाडोकियात बलून पहाटे उडतात. उडणार की नाही हे तिथली नागरी विमान वाहतूक यंत्रणा वाऱ्याचा अंदाज पाहून ठरवते. एखादी कंपनी किती नावाजलेली आहे, आपण किती पैसे भरलेत, याचा तिथे काही उपयोग नाही. म्हणून बलून मुक्कामाच्या पहिल्या पहाटेला लावावा. उड्डाण रद्द झालं तर दुसरी पहाट आहे, तिसरी आहे. शेवटच्या पहाटेला लावलं आणि वारा सुटला, तर पैसे परत मिळतील, पण बलून राहिला तो राहिलाच. त्यातही हिवाळ्यात उड्डाणं जास्त रद्द होतात, तेव्हा हाताशी जास्त दिवस ठेवा.

व्हेल बघायला जाणाऱ्या बोटी, शिखरावर नेणारी केबल कार, पॅराग्लायडिंग, लहान बेटांवरच्या फेऱ्या, सगळ्यांना हाच न्याय. म्युझियम कुठे पळून जात नाही. ते पावसाळी दिवसाला सोडा.

नॉर्दर्न लाइट्सच्या, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या आकाशात रात्री दिसणाऱ्या रंगीत प्रकाशाच्या बाबतीत घोळ दिवसांच्या क्रमाच्याही आधी, महिन्यातच होतो. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला मे महिन्याच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळतच नाही. आकाशात काहीही घडत असलं तरी उजेडात दिसणार कसं? सुट्ट्या आहेत म्हणून जूनमध्ये जायचं आणि हिरवे पडदे दिसले नाहीत म्हणून टूर ऑपरेटरशी भांडायचं, यात ऑपरेटरचा काही दोष नसतो. सप्टेंबर अखेर ते मार्च हा काळ धरा, आणि एका रात्रीवर भिस्त ठेवू नका. ढग आले की खेळ खलास.

वार आणि वेळ न बघणं

पॅरिसमध्ये लूव्र मंगळवारी बंद असतं, ओर्से म्युझियम आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी. आता गंमत बघा: मंगळवारी लूव्र बंद दिसलं की माणसं व्हर्सायकडे वळतात, आणि सोमवारी ज्यांचं व्हर्साय हुकलं तेही त्याच दिवशी तिथे येतात. त्यामुळे मंगळवारी व्हर्सायला ही झुंबड. बुधवार-गुरुवार पकडा. व्हॅटिकनची म्युझियम रविवारी बंद, फक्त महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. त्या दिवशी प्रवेश फुकट, म्हणून रांगही तशीच.

बालीत न्येपी हा मौनाचा दिवस असतो, बहुतेक वर्षी मार्चमध्ये. त्या दिवशी विमानतळसुद्धा २४ तास बंद राहतो आणि पर्यटकांनाही हॉटेलच्या आवाराबाहेर पडता येत नाही. अनुभव म्हणून हा दिवस अतिशय सुंदर आहे, पण तो आधी ठाऊक असेल तरच. जपानमध्ये एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सुट्ट्यांची माळ लागते, तेव्हा रेल्वेत आणि हॉटेलांत जागा मिळणं मुश्कील होतं.

मग वेळेची तिकिटं. स्पेनमधल्या ग्रानादातल्या आलाम्ब्रा या जुन्या किल्ल्याचं तिकीट दिवसाचं असलं, तरी त्यातल्या नासरिद राजवाड्यांसाठी ठरावीक वेळ छापलेली असते. मुख्य फाटकातून आत शिरलो म्हणजे पोचलो, असं वाटतं. तिथून राजवाड्यांच्या दारापर्यंत बागांमधून चांगलंच चालावं लागतं, त्यात प्रत्येक वळणावर फोटो काढायचा मोह. दारावरचा माणूस तिकीट बघतो, घड्याळ बघतो आणि मान हलवतो. बाकी आवार दिवसभर फिरा, पण ज्यासाठी आलात ते गेलं. म्हणून आधी राजवाडे, बागा नंतर, आणि ओळखपत्र मूळ प्रतीत खिशात. ॲमस्टरडॅममधल्या ॲन फ्रँक हाउसची तिकिटं तर दारावर मिळतच नाहीत. ती दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी ऑनलाइन खुली होतात. अशी तिकिटं आधी काढा आणि बाकीचं वेळापत्रक त्यांच्याभोवती बसवा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

तिकीट शोधताना सर्चमध्ये सगळ्यात वर येणारी साइट अनेकदा जाहिरात असते आणि तेच तिकीट चढ्या भावाने विकत असते. त्या ठिकाणाच्या अधिकृत साइटचा पत्ता नीट वाचून मगच कार्डाचा नंबर टाका. एवढं पुरे.

उंचीचा हिशोब उलटा लावणं

पेरूतलं माचू पिचू डोंगरावर, म्हणजे विरळ हवेचा त्रास तिथे होणार, असं धरून माणसं कुस्कोच्या विमानतळावर उतरल्या उतरल्या शहरभर हिंडतात. प्रत्यक्षात कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर आहे आणि माचू पिचू सुमारे २,४३० मीटरवर. म्हणजे विमानातून उतरता तीच जागा जास्त उंच. शहाणपणाचा क्रम असा: विमानतळावरून थेट खाली सेक्रेड व्हॅलीत जायचं, ओयान्तायताम्बो वगैरे गावं साधारण २,८०० मीटरवर आहेत, तिथे एक-दोन रात्री काढायच्या, मग माचू पिचू आणि कुस्को सगळ्यात शेवटी. ठिकाणं तीच, हॉटेलांचा खर्चही जवळपास तोच.

पहिल्या रात्री डोकं दुखलं, मळमळलं, झोप लागली नाही, तर दुसऱ्या दिवशी आणखी वर जाऊ नका. बहुतेकांना दिवसभराच्या विश्रांतीने बरं वाटतं. पण चालताना तोल जाऊ लागला, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असो की पाऊस, ताबडतोब खाली उतरवायचं. गाइड ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणाला तरी ऐकायचं नाही. आधीपासून गोळ्या घ्यायच्या की नाही, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांनाच विचारा.

दुसऱ्याने आपला क्रम बदलणं

बँकॉकच्या ग्रँड पॅलेसच्या वाटेवर नीटनेटक्या कपड्यांतला, गोड बोलणारा माणूस भेटतो. ‘आज राजवाडा बंद आहे, पूजा चालू आहे, दुपारनंतर उघडेल. तोवर दुसरी देवळं बघा, हा टुकटुकवाला स्वस्तात नेईल.’ स्वस्त फेरी शेवटी रत्नांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात जाऊन थांबते. राजवाडा उघडा आहे की नाही, हे दारावर जाऊनच बघा. पाच मिनिटं चालायचं, बास. हाच प्रयोग वेगवेगळ्या शहरांत वेगवेगळ्या वेशात चालतो: तुमचं हॉटेल बंद पडलंय, ती बस आज नाही, तो रस्ता अडवलाय. न मागता मिळालेली माहिती तपासल्याशिवाय आपला बेत हलवायचा नाही.

समुद्रावर मात्र उलट. तिथे स्थानिक माणूस थांब म्हणाला की थांबायचं. लाटा फुटत असलेल्या किनाऱ्यावर मधेच एखादा पट्टा शांत, गुळगुळीत दिसतो, आणि नवखा माणूस लहान मुलाला घेऊन नेमका तिथेच उतरतो. तोच प्रवाह आत खेचणारा असतो. सापडलात तर किनाऱ्याकडे जोर लावून पोहू नका, दमून जाल. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडा, किंवा तरंगत राहून हात वर करा. ऑस्ट्रेलियात लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं असतं. त्याच्या बाहेर पाणी कितीही सुंदर दिसलं तरी.

स्कूटर

ज्या परवान्यावर मोटरसायकलचा वर्ग नोंदलेला नाही, तो दाखवून स्कूटर मिळते. दुकानदाराला भाड्याशी मतलब. अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा हाच कागद मागते आणि दावा फेटाळते. आंतरराष्ट्रीय परवानाही सगळीकडे एकच चालत नाही: जपानला रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार दिलेला लागतो, व्हिएतनामला १९६८ च्या. आपल्याजवळ कुठला आहे, हे त्या परवान्याच्या कव्हरवरच छापलेलं असतं. आणि साहसी खेळ, ठरावीक खोलीपलीकडची डाइव्ह, ठरावीक उंचीवरचा ट्रेक या गोष्टी प्रवास विम्यातून बऱ्याचदा वगळलेल्या असतात. विमा घेण्याआधी तेवढं एक पान वाचा.

स्कूटर ताब्यात घेताना मालकाच्या देखत चारी बाजूंनी व्हिडिओ काढा. आरसे, पुढचं चाक, सीटखालची कड आणि खालची प्लास्टिकची पट्टी, ओरखडे नेमके तिथे असतात. डिपॉझिट म्हणून पासपोर्ट देऊ नका. रोख रक्कम आणि पासपोर्टची झेरॉक्स यावर दुसरं दुकान नक्की तयार होतं.

आणि गाडी परत करायची ती विमानाच्या आदल्या संध्याकाळी. दाराशी टॅक्सी उभी असताना मालकाला जुना ओरखडा नवा दिसू लागला, तर तो मागेल तेवढे पैसे देऊन माणूस सुटका करून घेतो. आदल्या संध्याकाळी वाद घालायला, व्हिडिओ दाखवायला आणि गरज पडली तर पोलिसांना बोलवायला वेळ असतो. थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५ आहे, आणि तो मालकासमोर फोनमध्ये टाइप केला तरी बऱ्याचदा आकडा खाली येतो.